सोलरचं पाणी कितीला पडतं?

आमच्या बेळगावात नवीन घर बांधणाऱ्याला पहिला प्रश्न वास्तुशांतीचा आणि दुसरा सोलरचा विचारतात. 'सोलर' म्हणजे आपल्याकडे पाणी तापवायचा सोलर, वीज तयार करणारा नव्हे. तो आता आता आला. गच्चीवर पांढरी नाहीतर निळी आडवी टाकी आणि तिच्या पोटातून उतरलेल्या काळ्या काचनळ्या दिसल्या, की घर पूर्ण झालं असं लोक मानतात. यंदा आमच्या कुटुंबात हा प्रश्न एकदम दोन ठिकाणी उभा राहिला. एक आमचं शहापूरमधलं जुनं घर आणि दुसरं ताईचं वडगावच्या पुढे चाललेलं नवीन बांधकाम. "तू हिशोब बघणारा माणूस, तूच सांग," असं म्हणून दोन्हीकडच्यांनी काम माझ्या गळ्यात घातलं. तो हिशोब इथे मांडतो आहे, कारण तुमच्यापैकी बरेच जण पुढच्या चार-पाच वर्षांत घर बांधतील, नाहीतर आई-वडिलांचं घर दुरुस्त करतील.

घरी आलेल्या विक्रेत्याने कागदावर हिशोब मांडून दाखवला. १०० लिटरचा सोलर वर्षाला १५०० युनिट वाचवतो, तुम्ही पाच माणसं म्हणजे २०० लिटरचा घ्या, झाले ३००० युनिट, सात रुपयांनी २१ हजार. यंत्र, पाइप, मजुरी धरून ३८ हजार. "दोन वर्षांत पैसे वसूल, पुढे फुकट!" आई चहा घेऊन आली होती, ती तिथेच थबकली. एवढा फायदा असता तर गल्लीतल्या एकाही घरात गीझर उरला नसता, असं तिचं म्हणणं.

तो १५०० चा आकडा त्याने मनाने काढलेला नव्हता. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या माहितीतही १०० लिटरचा सोलर वर्षाला '१५०० युनिटपर्यंत' वीज वाचवू शकतो असंच म्हटलेलं आहे. सगळी गोम त्या 'पर्यंत'मध्ये आहे. शाळेतलं विज्ञान आठवा. १०० लिटर पाणी १० अंशांनी तापवायला १.१६ युनिट लागतात. म्हणजे २० अंशांचं १०० लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला साडेचार युनिटच्या थोडं वर. वर्षातले सव्वातीनशे दिवस ते सगळं पाणी तुम्ही रोज संपवलंत, तर १५०० युनिट भरतात.

पण आमच्या घरात कोण किती पाणी वापरतं, हे कुणी मोजलंच नव्हतं. मी बादलीवर खडूने खुणा केल्या, स्वयंपाकघरातला थर्मामीटर न्हाणीघरात नेला (त्यावरून बोलणी खाल्ली) आणि आठवडाभर टिपून ठेवलं. आम्ही सगळे बादलीने आंघोळ करणारे. माणशी साधारण २० लिटर, विसण घालून ४१ अंशांच्या आसपास. पाच माणसांचं १०० लिटर. टाकीचं पाणी डिसेंबरात सकाळी २० अंश असतं, मे महिन्यात २८, वर्षाची सरासरी २३ धरली. म्हणजे १०० लिटर पाणी १८ अंशांनी तापवायचं, २.१ युनिट. गीझरमधून वाया जाणारी उष्णता धरून दिवसाला अडीच. वर्षाला नऊशे. उन्हाळ्यात पोरं गार पाण्यानेच डुंबतात, ते वजा केलं की ८००.

आता त्यातून पावसाळा काढा. बेळगावचा पावसाळा काय असतो ते इंदूर-बडोद्याच्या वाचकांना सांगायला हवं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे सूर्य पाहुण्यासारखा येतो. खानापूरच्या बाजूला तर छत्री मिटायची सोयच नाही. त्या दिवसांत सोलरमधून कोमट पाणी आलं तरी नशीब. एकूण चौथा हिस्सा तिथे गेला. राहिले ६०० युनिट. सगळे आकार आणि कर धरून आम्हाला युनिट सात रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे वर्षाचे ४२०० रुपये. सोलर बसवलेल्या घराला वीजबिलात युनिटमागे ५० पैसे, जास्तीत जास्त महिना ५० रुपये अशी सूट कर्नाटकात आहे. तिचे वर्षाचे ६०० मिळवा. ४८००. विक्रेत्याच्या २१ हजारांचे हे उरले.

३८ हजार भागिले ४८००, म्हणजे आठ वर्षं. टाकीची हमी पाच वर्षांची होती.

इथवर आल्यावर मी वही मिटणार होतो, पण एक गोष्ट खटकत होती. आंघोळीला लागणारं १०० लिटर पाणी ४१ अंशांचं आहे, सोलर देतो ते ६० अंशांचं. त्यात गार पाणी मिसळायचंच आहे. २० अंशांचं पाणी मिसळून ४१ चं १०० लिटर करायला ६० अंशांचं पाणी लागतं अवघं ५२ लिटर! म्हणजे बादलीने आंघोळ करणाऱ्या पाच माणसांना १०० लिटरचा सोलर पुरून उरतो. २०० लिटरचा घेतला तर अर्धी टाकी रोज तापून रोज निवणार आणि त्याचे पैसे आपण भरणार. १०० लिटरच्या यंत्राचा भाव विचारला, तो पाइप-मजुरीसकट २८ हजार निघाला. म्हणजे सहा वर्षांच्या आत. हे जरा बरं दिसतं. 'माणशी ४० लिटर' हा जो आकडा सगळीकडे ऐकू येतो, तो शॉवरवाल्यांचा आहे. शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं की ७०-८० लिटर पाणी सहज जातं. तुमच्या घरात तीन जण रोज शॉवर घेणारे असतील तर माझा वरचा हिशोब फाडून टाका. तुमचा सोलर तीन-चार वर्षांत फिटेल.

यानंतर काकांनी बोलायला सुरुवात केली. आमच्या घरात खाली आम्ही पाच जण, वरच्या मजल्यावर काका-काकू. मीटर वेगळे, गच्ची सामाईक. मला वाटलं होतं, दोन्ही घरांना मिळून एक मोठा घेऊ, खर्च वाटून घेऊ.

"अरे, माझं बिल शून्य येतं," काका म्हणाले. "मी कशाला पैसे घालू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते बरोबर बोलत होते. ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटकात गृहज्योती योजना आहे. २०२२-२३ मधला तुमचा सरासरी वापर, त्यावर थोडी वाढ, आणि कमाल मर्यादा २०० युनिट. तेवढी वीज मोफत. काका-काकूंचा गीझरसकट वापर त्या मर्यादेत बसतो. सूर्याने तापवलेलं पाणी फुकट खरं, पण त्यांचं विजेने तापवलेलं पाणीही फुकटच आहे. फुकटापेक्षा स्वस्त कसं देणार?

मग मी आमच्या खालच्या घराची गेल्या वर्षाची करंट बिलं काढली. तिथे आणखी एक गंमत निघाली. आम्हाला मोफत युनिटांची मर्यादा १८९. उन्हाळ्यात पंखे, फ्रीज, मिक्सर, इस्त्री सगळं धरून आम्ही त्याच्या आसपास राहतो. हिवाळ्यात पंखे बंद, पण गीझर महिन्याला ८८ युनिट खातो, आणि आकडा जातो २०८ वर. २०० ओलांडले की योजनेचा लाभ त्या महिन्यापुरता जातो आणि बिल पूर्ण येतं, १४५० रुपये. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, असे तीन महिने. सोलर असता तर ते तीन महिनेही शून्य आले असते, म्हणजे ४३५० ची बचत. बाकीचे नऊ महिने जवळजवळ काहीच नाही. तरीही साडेसहा वर्षांत फिटतो, असं मी घरी सांगितलं.

माझ्या बायकोने बिलांवर नजर टाकली आणि म्हणाली, "आठच युनिट जास्त आहेत ना? मग आठ युनिट वाचवू या की."

खरंच. २०८ चे १९९ केले तर पूर्ण बिलाऐवजी फक्त वरच्या १० युनिटांचे, सत्तरएक रुपये भरायचे. त्यासाठी २८ हजारांचं यंत्र कशाला? गीझर एकदा लावून सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकल्या, तापमानाचं बटण ६५ वरून ५० वर आणलं आणि न्हाणीघरातला जुना बल्ब बदलला, एवढ्यात ते काम होतं. यंदाच्या हिवाळ्यात आम्ही हेच करतो आहोत. योजना उद्या बदलली तर हिशोब पुन्हा मांडावा लागेल, हे मला मान्य आहे. पण सरकारी योजना कधी बदलेल यावर पैसे लावायचे, तर ते न बदलण्यावर का लावू नयेत? आजचं बिल आज दिसतं.

तर जुन्या घराचं उत्तर 'नको' असं निघालं. आता ताईचं.

ताईला निवड अर्धीच आहे. कर्नाटकात २००७ च्या सरकारी आदेशापासून महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत ठरावीक आकाराच्या वरच्या नव्या घरांना सोलर वॉटर हीटर सक्तीचा आहे. बेंगळुरूच्या गच्च्या या टाक्यांनी भरल्या त्या उगाच नाही. म्हणजे 'बसवायचा का' हे सरकारने ठरवलं, 'कोणता, केवढा, कसा' हे तिला ठरवायचं आहे. आणि तिच्याकडे पैशाचंही गणित जमतं. घरात सहा माणसं, एसी, वॉशिंग मशीन, बोअरचा पंप. २०० युनिटांत ते कधीच बसणार नाहीत, म्हणून वाचलेलं प्रत्येक युनिट म्हणजे खिशातले सात रुपये. शिवाय बांधकाम चालू असताना गरम पाण्याची नळी भिंतीत टाकायला चार हजार जास्त लागतात. आमच्यासारख्या जुन्या घरात फरशी-टाइल्स फोडून तेच काम नऊ हजारांवर जातं. १५० लिटरचं यंत्र २२ हजार, नळीचे चार, एकूण २६. वर्षाला ८०० युनिट वाचले तर साडेचार वर्षं. सप्टेंबर २०२५ मध्ये या यंत्रावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, त्याचाही हातभार लागला.

आता 'कसा' हा भाग. यात लोक खूप फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट नळीतल्या पाण्याची. टाकी गच्चीवर, न्हाणीघर तळमजल्यावर, मध्ये १८ मीटर पाऊण इंची नळी. त्या नळीत साडेचार-पाच लिटर पाणी मावतं. रात्रभर ते गार होतं. सकाळी तोटी सोडली की आधी ते पाव बादली गार पाणी येणार, मग ऊन पाणी. पहिला माणूस आंघोळ करून गेला आणि दुसरा तासाने आला, की पुन्हा तेच. सोलरवर ज्यांचा राग असतो त्यांतल्या निम्म्यांचा राग खरं तर या नळीवर असतो. म्हणून ताईला सांगितलं, ज्या न्हाणीघरात सासू-सासरे पहाटे आंघोळ करतात, ते टाकीच्या बरोबर खाली येऊ दे. नळी सीपीव्हीसीची घ्यायची, साधी पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडते. आणि गच्चीवरच्या उघड्या नळीला जाड फोमचं आवरण हवंच. गवंडी-प्लंबर मंडळी "त्याची गरज नाही हो" म्हणतात. गरज आहे.

दुसरी, पाण्याची जात. राकसकोपचं नळाचं पाणी गोड आहे, पण ताईच्या भागात बोअरच जास्त. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आपण चहाच्या पातेल्यात बघतोच. सपाट पेटीच्या सोलरमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या असतात, त्या या क्षारांनी चोंदतात. काचनळ्यांची तोंडं रुंद, तिथे थर बसला तरी पाणी वाहत राहतं आणि नळी काढून धुता येते. सपाट पेटी दणकट, जास्त टिकणारी आणि महाग. काचनळी स्वस्त, पण ढगाळ थंडीत जास्त तग धरणारी. जड पाणी असेल तर काचनळी, असं माझं मत झालं. मात्र काचनळीला एक पथ्य आहे. पाणी दिवसाआड येतं अशा भागात वरची गार पाण्याची टाकी संपली, नळ्या रिकाम्या उन्हात तापल्या आणि दुपारी एकदम गार पाणी सुटलं, की काच तडकते. आणि माकडं. आमच्या ओळखीच्या एका घरी माकडांनी दोन नळ्या फोडल्या. एक नळी काही शेकड्यांत येते, बसवणारा माणूस वेळेवर येत नाही हे खरं दुखणं.

तिसरी गोष्ट उंचीची. साध्या सोलरमध्ये पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, गार खाली येतं. शिवाय गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर असावी लागते. जुन्या घरात इथेच आणखी पाच-सात हजारांचं लोखंडी स्टँड वाढतं, ते कोटेशनमध्ये दिसत नाही. तोंड दक्षिणेला हवं, आणि दक्षिणेला शेजाऱ्याचा नवा मजला चढणार असेल तर आधी शेजाऱ्याशी बोला.

चौथी गोष्ट विक्रेत्यांना अजिबात आवडत नाही. पावसाळ्यासाठी टाकीतच विजेची कॉइल बसवून देतो, असं ते सांगतात. ताईच्या टाकीत ती लावली तर सकाळी एकट्या सासऱ्यांना आंघोळ करायची असली तरी दीडशे लिटर पाणी तापणार. २० अंशांनी तापवायचं म्हटलं तरी साडेतीन युनिट. त्यापेक्षा न्हाणीघरातला १० नाहीतर १५ लिटरचा गीझर असू द्यावा. ज्या दिवशी ऊन नाही त्या दिवशी लागेल तेवढंच तापतं.

गॅस गीझरचं काय, असं बरेच जण विचारतात. पैशाने तो स्वस्त आहे. आमच्या वापराला महिन्याला साडेपाच किलो गॅस पुरेल, म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये. विजेचे सव्वापाचशे होतात. पण बंद न्हाणीघरात गॅस जळला की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, त्यांत तरुण मुलंमुली असतात. गीझर न्हाणीघराच्या बाहेर उघड्या हवेत बसवता येत नसेल तर तो विषय आमच्या घरात बंद आहे. हिशोबाच्या वहीत याला रकाना नाही.

दुसरा प्रश्न भावोजींचा होता. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत विजेच्या सोलरला अनुदान आहे, पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तीन किंवा जास्त किलोवॉटना एकूण ७८ हजार. पाण्याच्या सोलरला पूर्वी केंद्राचं अनुदान मिळायचं, ते कधीच थांबलं. मग सगळी गच्ची विजेच्या पॅनेललाच का देऊ नये? प्रश्न रास्त आहे. एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं, आणि ती वीज मे महिन्यात एसीलाही चालते. पाण्याचा सोलर मे महिन्यात सगळ्यात जोरात तापतो, जेव्हा कुणाला ऊन पाणी नको असतं. उलट जागा पाहिली तर एका किलोवॉटला शंभर चौरस फूट लागतात, आणि पाण्याचा सोलर वीस-पंचवीस चौरस फुटांत पाणी तापवून देतो. दोन्ही बसवले तर एक धोका: पाण्याच्या सोलरने वाचवलेली वीज मग ग्रिडला कमी दराने विकली जाते, आणि त्याची वसुली लांबते. ताईला पाण्याचा लावावाच लागणार, म्हणून तो गरजेपुरता १५० लिटरचा आणि उरलेल्या गच्चीवर दोन किलोवॉट, असं ठरलं आहे. सासूबाईंनी मात्र सांडगे-पापडांसाठी पूर्वेचा कोपरा आधीच राखून ठेवलाय. तिथे खांब रोवायचा नाही.

बेळगावबाहेरच्या वाचकांनी माझे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिवाळ्याचं पाणी आमच्यापेक्षा पुष्कळ गार, पावसाळा आखूड. तिथे सोलर जास्त युनिट वाचवील, ग्वाल्हेरच्या धुक्याचे दिवस सोडले तर. हैदराबादला ऊन भरपूर, पण बोअरचं पाणी जड, तेव्हा नळ्यांची काळजी आधी. गोव्यात नळाचं पाणीच वर्षभर कोमट, पाऊस आमच्याहून दांडगा आणि समुद्राच्या हवेने लोखंडी स्टँड गंजतं. मडगावच्या माझ्या मावसभावाला मी स्पष्ट सांगितलं, तुझ्याकडे हे पैसे वसूल व्हायचे नाहीत.

आईला यातलं फारसं पटलेलं नाही. तिच्या लेखी पाणी तापवायचं ते बंबात. तांब्याचा बंब, खाली निखारे, सबंध घराच्या आंघोळी होईपर्यंत पाणी कढत आणि उरलेल्या राखेने भांडी. धुराने डोळे चुरचुरायचे आणि पहाटे उठून ढलप्या फोडाव्या लागायच्या, ते ती सांगत नाही. काकूने आठवण करून दिली. बंब अजून माळ्यावर आहे.

जुन्या घरात एवढं मात्र करून ठेवणार आहोत. मार्चमध्ये खालच्या न्हाणीघराच्या टाइल्स बदलायच्याच आहेत. त्या वेळी गच्चीपर्यंत सीपीव्हीसीची एक नळी भिंतीत टाकून वरचं तोंड बूच मारून बंद करायचं. फोडाफोडी तशीही चाललेली असल्याने त्याचे तीन हजार होतील. काकांनी त्यातले निम्मे देतो म्हटलंय, वरच्या मजल्यावर एक तोटी काढून ठेवायची या अटीवर.